पांघरुणावरचा मुलूख

विल्यम आर्चर हा साधासुधा वाचक नव्हता. इब्सेनची नाटकं इंग्रजीत आणणारा, नाटकावर अधिकारानं लिहिणारा समीक्षक तो. १८८५ साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं लहान मुलांच्या ६४ कवितांचं पुस्तक, ‘अ चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस’, लंडनला प्रसिद्ध झालं, तेव्हा या बागेत ऊन फार आणि दुःख फारच थोडं, हे त्यानं बरोबर हेरलं. स्टीव्हन्सननं त्याला उत्तर पाठवलं आणि आरोप मान्य केला. जगण्याच्या दुखऱ्या बाजूकडे मी मुद्दाम पाठ फिरवतो, असं तो म्हणाला. आपलं बालपण खरं तर ताप, भयाण स्वप्नं आणि न संपणाऱ्या रात्री यांनी भरलेलं होतं, बागेपेक्षा अंथरुणाबद्दल आपण जास्त अधिकारानं बोलू शकू, हेही त्यानं कळवलं. पण त्या दुःखाची उजळणी कशाला करायची, असा त्याचा प्रश्न होता.

गंमत पुढे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस आर्चरनं स्टीव्हन्सनवर एक मोठा लेख लिहिला आणि या लेखकाची आनंदी वृत्ती ही धडधाकट माणसाची वृत्ती आहे, असा निष्कर्ष काढला. धडधाकट! तेव्हा स्टीव्हन्सन बोर्नमथच्या घरात बहुतेक वेळ अंथरुणावर होता. खोकल्यातून कधी रक्त येईल याचा नेम नव्हता, आणि त्याच शरद ऋतूत तो ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ लिहीत होता. आर्चरला त्यानं पुन्हा पत्रं लिहिली, थोडा वैतागून, बराचसा हसत. पुढे दोघांची मैत्री झाली.

पुढच्या पानांत स्टीव्हन्सनच्या बालपणाची जी कहाणी मराठीत प्रथमच इतक्या सविस्तर येते आहे, ती वाचण्यापूर्वी आर्चरची ही फसगत लक्षात ठेवावी, एवढ्यासाठी मी ती आधी सांगितली. एक जाणता माणूस कविता वाचतो, कवीचं पत्र वाचतो, तरी त्याला आजार दिसत नाही. कारण कवितेत हसू आहे. आजारी मूल जितकं छान खेळतं तितका त्याचा आजार लोकांना खोटा वाटतो, हा या विषयाचा गाभा आहे, आणि स्टीव्हन्सनच्या एडिंबरातल्या घरापासून आपल्या शाळांपर्यंत तो बदललेला नाही.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा. आईवडिलांचा एकुलता एक. घराणं दीपगृहं बांधणाऱ्यांचं. आजोबा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बेल रॉकच्या खडकावर, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या जागी, दीपगृह उभं केलं होतं. वडील थॉमस त्याच धंद्यातले. आई मार्गारेट हिची छाती अशक्त, आणि तेच मुलाकडे आलं असं घरात मानलं जाई. एडिंबराची हवा म्हणजे थंड, ओली, समुद्रावरून येणारा बोचरा वारा. दुसरं घर दमट म्हणून सोडलं आणि १८५७ साली हेरियट रो या रस्त्यावरच्या १७ क्रमांकाच्या घरात हे कुटुंब आलं. हिवाळा आला की मुलाचा खोकला सुरू होई, ताप चढे, आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणात जात. शाळा झाली ती तुकड्यातुकड्यांनी. उन्हाळ्यात मात्र हेच मूल पळताना, ओरडताना दिसे.

या घरातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे दाई, अॅलिसन कनिंगहॅम. मूल दीड वर्षाचं असताना ती आली आणि घरात तिला ‘कम्मी’ म्हणू लागले. रात्री खोकल्यानं झोप लागेना की ती त्याला पांघरुणात गुंडाळून खिडकीशी नेई. समोर क्वीन स्ट्रीटची बाग, काळोखी. बागेपलीकडच्या घरांत कुठं एखादी खिडकी उजळलेली असे. तिथंही एखादा आजारी मुलगा आपल्या दाईबरोबर सकाळची वाट बघत असेल, असं ही दोघं एकमेकांना सांगत. स्टीव्हन्सननं मोठेपणी ही आठवण लिहून ठेवली आहे. पहाटे खेड्यांकडून गाड्या शहरात येऊ लागल्या, त्यांचा खडखडाट ऐकू आला, की रात्र संपल्याची खात्री पटे.

एकट्या मुलाच्या कल्पनाशक्तीबद्दल आपण बोलतो तेव्हा ही खिडकी मला फार मोलाची वाटते. त्या उजेडामागचा मुलगा कुणी पाहिला नव्हता. तो या दोघांनी मिळून बनवला होता. परीकथेतला राजपुत्र किंवा शूर शिपाई असं काहीच त्यात नाही. आपल्यासारखाच खोकणारा, आपल्यासारखाच जागा. एवढा एक सोबती असला तर रात्र काढता येते. आणि तो बनवण्यात एका मोठ्या माणसाचा निम्मा वाटा होता.

पण कम्मीची मूर्ती करून पुजायचं कारण नाही. ही बाई कडक धर्मनिष्ठ होती. बायबल, बन्यनचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’, धर्मासाठी डोंगरदऱ्यांत लपलेल्या आणि मारल्या गेलेल्या स्कॉटिश लोकांच्या कथा, हे सगळं ती रंगवून वाची. नाटक पाप, पत्ते पाप. नरकाचं वर्णनही तितकंच रंगवून. परिणाम असा की डोळा लागला आणि मेलो तर थेट नरकात जाऊ, या भीतीनं हे मूल झोपेलाच घाबरू लागलं. जी बाई रात्री भीती घालवायला उठे, तिनंच दिवसा भीती पेरलेली असे. या पुस्तकाच्या लेखिकेनं हे झाकलेलं नाही, आणि तरीही त्या बाईवर राग धरलेला नाही. स्टीव्हन्सननंही धरला नाही. कवितांचं पुस्तक त्यानं तिलाच अर्पण केलं.

वडिलांची गोष्ट निराळी. थॉमस स्टीव्हन्सन वरकरणी करारी, आतून उदासीकडे झुकणारे. पण मूल रात्री किंचाळून उठलं की ते पलंगाशी बसून संवाद रचत. घोडागाडीचा सारथी, गाडीवरचा पहारेकरी, वाटेवरच्या खानावळीचा मालक यांची निरर्थक, लांबत जाणारी बोलणी, मूल शांत होईपर्यंत. हे त्यांना सहज जमे, कारण स्वतःला झोप यावी म्हणून ते आयुष्यभर रोज रात्री मनातल्या मनात गोष्टी रचत: जहाजं, दरोडेखोर, म्हातारे खलाशी, रस्त्यावरच्या खानावळी. दिवसा समुद्रात दगड रचणारा हा इंजिनिअर रात्री लूटमारीच्या कथा रचून झोपी जाई! १८८१ साली ब्रेमारच्या भाड्याच्या घरात, पावसानं आणि आजारानं अडकलेल्या स्टीव्हन्सननं सावत्र मुलाबरोबर खेळता खेळता एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ सुरू झालं. तेव्हा पाहुणे आलेले वडील त्यात लहान मुलासारखे शिरले. कथेतल्या बिली बोन्स या खलाशाच्या पेटीत काय काय निघालं त्याची यादी त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर करून दिली, आणि फ्लिंट या चाच्याच्या जहाजाचं नावही त्यांनीच सुचवलं. रात्रीचा तो सारथी आणि खानावळवाला असे पंचवीसेक वर्षांनी पुस्तकात आले.

म्हणून, आजारानं या मुलाला कल्पनाशक्ती दिली हे नेहमीचं वाक्य मला खोटं वाटतं. आजारानं त्याला खोकला दिला, ताप दिला आणि रिकामा वेळ दिला. कल्पना घरातच होती, वडिलांकडे आणि दाईकडे. रिकाम्या वेळात ती मुलाच्या हाती आली. ज्या घरात रात्री कुणी उठत नाही त्या घरातलं आजारी मूलही एकटंच असतं, पण त्याला दिसतात त्या भिंती. दुःखातून कला जन्मते वगैरे म्हणणाऱ्यांनी अशा मुलांची संख्या कधी मोजलेली नसते.

खुद्द स्टीव्हन्सनचं मत याहून रोखठोक आहे. १८७८ साली त्यानं मुलांच्या खेळावर एक निबंध लिहिला. त्यात त्याचं म्हणणं असं की मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते ही मोठ्यांची समजूत आहे. मुलाला नुसतं डोळे मिटून स्वप्न रंगवता येत नाही. त्याला काठी लागते, खुर्ची लागते, हातात धरायला काहीतरी लागतं. घोडा म्हणायला निदान केरसुणी तरी हवी. मोठा माणूस आरामखुर्चीत बसून समुद्रावर जाऊन येतो, मुलाला टेबलाखाली शिरावं लागतं. याच निबंधात न्याहारीचा एक प्रसंग आहे. एका हिवाळ्यात चुलतभाऊ बॉब, तीन वर्षांनी मोठा, त्यांच्याकडे राहायला आला होता. सकाळी ओटच्या लापशीचे वाडगे पुढे येत. बॉब साखर घालून खाई आणि त्याचा देश सतत बर्फाखाली गाडला जाई. लुई दूध घालून खाई आणि त्याचा देश हळूहळू पुरात बुडे. कोणतं बेट अजून वर आहे, कोणत्या खाडीचं पाणी कुठवर आलं, याच्या बातम्या घास गिळता गिळता दिल्या जात. त्याच सुमारास दोघांनी आपापली राज्यंही स्थापली होती: बॉबचं नॉसिंग्टोनिया, लुईचं एन्सायक्लोपीडिया. नकाशे काढले जात, राज्यकारभार चाले.

ही लापशी औषधासारखीच समोर आलेली, नको असलेली गोष्ट होती, हे आजारी मूल सांभाळलेल्या कुणालाही कळेल. ती संपावी म्हणून पूर आणावा लागला. आजारी मुलाच्या कल्पनेचं काम बरेचदा असं घरगुती असतं: वाडगा संपवणं, सुई टोचेपर्यंतचा अर्धा मिनिट काढणं, दुपारच्या तीनपासून पाचपर्यंत पोचणं. पांघरुणाच्या घड्यांचे डोंगर करून त्यावर शिशाचे शिपाई चालवणारा मुलगा त्याच्या कवितेत आहे. त्या मुलाचं राज्य गुडघ्यांच्या उंचीएवढंच. पाय हलवला की भूकंप. शरीर दुखतंय म्हणून हलवता येत नाही, ही गोष्ट कवितेत कुठंच सांगितलेली नाही. ती आपण ओळखायची. याच पुस्तकात एक न दिसणारा खेळगडीही आहे, जो मूल एकटं असलं तरच येतो. आणि संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावत जाणाऱ्या माणसाकडे खिडकीतून बघणारा एक मुलगा आहे. अंगात जोर आला की आपणही त्याच्याबरोबर दिवे लावत हिंडायचं, असं त्यानं ठरवलं आहे. दीपगृहवाल्यांच्या घरातल्या मुलाची ही महत्त्वाकांक्षा!

आणि ती बाग? बालपणाविषयी लिहायला बसलं की आपण मराठी माणसं हमखास मामाच्या गावाला जातो. स्टीव्हन्सनही तेच करतो. कवितांमधली बाग कॉलिंटनची, त्याच्या आजोळची. लुईस बाल्फर हे त्याचे आईकडचे आजोबा, तिथले पाद्री. शेजारून वाहणारी वॉटर ऑफ लीथ नदी, झाडी, आणि मावसभावंडं-मामेभावंडं ढिगानं. काही मामा हिंदुस्थानात नोकरीला, त्यांच्याकडून आलेल्या वस्तू दिवाणखान्यात मांडलेल्या. घर सांभाळणारी जेन मावशी तरुणपणी घोड्यावरून पडली होती आणि तेव्हापासून तिला नीट ऐकू येत नव्हतं, दिसतही नव्हतं. सगळ्या नातवंडांचा सांभाळ तिनंच केला. म्हणजे आजारपण या बागेतही होतंच, फक्त ते मावशीच्या रूपानं घरात वावरत होतं आणि कुणी त्याचा बाऊ करत नव्हतं. मुलाला कदाचित तिथं हायसं वाटे ते एवढ्यासाठीही.

आता आपल्याकडे. विदर्भात, नंदुरबारकडे, सिकलसेलची मुलं आहेत. तिथं आईबाप ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलेला सिकलसेल, असं सहज बोलून जातात. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडंसांधे असे दुखू लागतात की मूल तळमळतं. थंडीनं, तापानं, पाणी कमी प्यायल्यानं, फार धावपळ केल्यानं दुखणं उसळतं. ते ओसरलं की हेच मूल वर्गात इतरांसारखं बसलेलं. काल एवढा रडत होता, आज बघा कसा हसतोय, असं मोठी माणसं त्याच्या देखत बोलतात. मधुमेहाचं इन्सुलिन घेणारी मुलगी, मिरगीच्या गोळ्या घेणारा मुलगा, सांधेवाताचं मूल, यांचीही कथा थोड्याफार फरकानं हीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांना यादीत घेतलं हे चांगलंच झालं. पण कवायतीच्या तासाला मैदानाच्या कडेला बसलेल्या मुलाला कायद्याचा कागद दाखवत हिंडता येत नाही. मी स्वतः दम्याचा. कडेला बसण्याचा मला अनुभव आहे, आणि ‘नाटक करतोय’ हे वाक्य मी माझ्याबद्दल, मला ऐकू येईल अशा बेतानं बोललेलं ऐकलं आहे. त्यावर उपाय म्हणून मी खरंच नाटक करायला शिकलो, बरं असल्याचं. स्टीव्हन्सन वाचताना मला तो याच बाबतीत ओळखीचा वाटतो.

या नाटकाची सर्वांत मोठी कसोटी १८८४ साली लागली. फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राकाठच्या इएरला, तो पुन्हा कोसळला. रक्तस्राव झाल्यानं उजवा हात अंगाशी बांधलेला, बोलायला मनाई, डोळे आल्यामुळे खोलीत अंधार. त्या अंधारात, फळीवर लावलेल्या कागदावर, डाव्या हातानं तो लिहीत राहिला. आणि काय लिहिलं, तर लहान मुलांच्या कविता. पुस्तकातल्या काही कविता अशा तयार झाल्या. तेहतीस वर्षांचा माणूस पुन्हा सहा वर्षांच्या मुलाच्या अंथरुणात गेला होता आणि तिथली वाट त्याला पाठ होती. सहा वर्षांचा असतानाही त्याला स्वतः लिहिता येत नव्हतंच. काकांनी लावलेल्या बक्षिसासाठी मोझेसची गोष्ट त्यानं आईला सांगून लिहून घेतली होती. चित्रं मात्र स्वतः काढली, आणि त्यात इजिप्तमधून निघालेल्या इस्रायली लोकांना एडिंबराच्या गृहस्थांसारख्या उंच हॅट आणि पाइप दिले.

लेखिकेनं हा इएरचा भाग ज्या संयमानं लिहिला आहे त्याला तोड नाही. मी असतो तर गहिवरलो असतो. तिनं पथ्यपाण्याचा, खोलीच्या खर्चाचा, पत्नी फॅनीच्या जागरणांचा हिशेब मांडला आहे. आजारी माणसाचं धैर्य आपण फार लवकर उचलून धरतो आणि त्याच्या शेजारी जागणाऱ्याचं विसरतो. फॅनीला चरित्रकारांनी कजाग ठरवलं, पाहुण्यांना दारातून परत पाठवणारी म्हणून. सर्दी झालेला पाहुणा आत येणं म्हणजे नवऱ्याचा पुढचा महिना अंथरुणात जाणं, हा तिचा अनुभव होता. हे या पुस्तकात स्पष्ट मांडलं आहे, आणि त्याची गरज होती.

एका गोष्टीत मात्र माझं लेखिकेशी पटत नाही, आणि प्रस्तावनेत ते बोलायची तिनं मला मोकळीक दिली आहे. स्टीव्हन्सनला नेमकं काय झालं होतं? त्याच्या काळात छातीतून रक्त म्हणजे क्षय, एवढं सरळ होतं. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू शोधल्याचं १८८२ साली जाहीर केलं. त्याआधीच स्टीव्हन्सन दाव्होसच्या बर्फाळ डोंगरात हवापालटाला जाऊन आला होता. १८८७-८८ चा हिवाळा त्यानं अमेरिकेत सॅरनॅक लेकला, क्षयतज्ज्ञ डॉ. ट्रूडो यांच्या देखरेखीखाली काढला. तेव्हा रोग चालू असल्याची लक्षणं ट्रूडोंना दिसली नाहीत. मग तो दक्षिण समुद्रात गेला, सामोआत घर बांधून राहिला, आणि ३ डिसेंबर १८९४ रोजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. फुफ्फुसानं नाही. यावरून अलीकडच्या काही डॉक्टरांनी दुसरे तर्क मांडले: श्वासनलिका रुंदावून बसण्याचा जुनाट विकार, किंवा रक्तवाहिन्या ठिसूळ असण्याचा आनुवंशिक रोग, ज्यात फुफ्फुसातून आणि मेंदूतही रक्त जाऊ शकतं. आईच्या प्रकृतीचा धागाही त्याला जुळतो.

लेखिकेनं यावर अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. तिचं म्हणणं, नाव नसलेला आजार माणसाला अधिक एकटं करतो, म्हणून उशिरा का होईना, नाव शोधणं हे त्या मुलाचं देणं आहे. मला वाटतं, शंभर वर्षांनी केलेलं निदान डॉक्टरांच्या कामाचं. त्या मुलाला आयुष्यभर कुणी नक्की काय ते सांगितलं नाही, प्रत्येक नव्या डॉक्टरनं नवी हवा सुचवली, आणि या अनिश्चिततेत त्यानं इतकी पुस्तकं लिहिली, हे जसंच्या तसं राहू द्यावं. आम्ही यावर फोनवर भांडलो. तिनं माझं ऐकलं नाही, प्रकरण ठेवलं, उलट दोन पानं वाढवली. सहावं प्रकरण ते. माझं मत बाजूला ठेवून वाचावं, कारण त्यात दाव्होसचं जे वर्णन आहे ते पुस्तकातलं सर्वांत चांगलं लेखन आहे, हे मला भांडतानाही कबूल करावं लागलं.